नोटीस आलेला वाडा आणि शंभर मीटरची रेघ

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या कसबा पेठेत पणजोबांनी घेतलेला वाडा. मूळचे दोन चौक, त्यातला मागचा केव्हाच पडला. सातबारा नाही, मिळकत पत्रिका आहे, आणि तिच्यावर चार चुलतभावांची आणि एका आत्याची नावं. शिवाय तीन जुने भाडेकरू. गच्चीवर गेलं की शनिवारवाड्याचा बुरूज दिसतो. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. एक बिल्डर म्हणतो, "वाडा आधी उतरवून घ्या, जागा मोकळी झाली की परवानगीचं मी बघतो." दुसरा म्हणतो, शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत आहात, इथे वीटसुद्धा रचता येणार नाही. तिसऱ्या कुणी सांगितलं, वाडा 'हेरिटेज'मध्ये आहे. यात खरं काय आणि आम्ही करावं काय?

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी सव्वीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी कागदांवर. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मागून. वाडा उतरवू नका. तुम्ही खरोखरच शंभर मीटरच्या आत असाल तर कायद्याने तुमच्या हातात एकच गोष्ट ठेवली आहे, ती म्हणजे दुरुस्ती. आणि दुरुस्ती उभ्या वास्तूची होते. वाडा जमिनीवर आला की दुरुस्तीचा हा मार्गही राडारोड्याबरोबर ट्रकमधून गावाबाहेर जातो. "आधी उतरवा" म्हणणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल तर तो अडाणी आहे, आणि माहीत असेल तर त्याचा हिशेब वेगळा आहे. मोकळी, अडकलेली, पाच नावांची जागा पडत्या भावात मिळते.

आता कायदा. लोक 'हेरिटेज' हा एकच शब्द वापरतात, पण त्यामागे तीन वेगवेगळी दारं आहेत. राज्यघटनेनेच ही वाटणी केली आहे. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संसदेच्या कायद्याने ठरलेली स्मारकं केंद्राच्या सूचीत, बाकीची राज्याच्या. त्यामुळे केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं व अवशेष कायदा वेगळा, आणि महाराष्ट्राचा त्याच नावाचा १९६० चा कायदा वेगळा. पहिला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण चालवतं, दुसरा राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. तिसरं दार महापालिकेचं. नगररचनेच्या नियमांखाली शहरातल्या वारसा इमारतींची यादी होते, त्यांना श्रेणी मिळते आणि वारसा समिती त्यावर मत देते. याची सुरुवात मुंबईत १९९५ साली झाली, आणि कायद्याने संरक्षित नसलेल्या पण शहराचा चेहरा असलेल्या शेकडो इमारती पहिल्यांदा कुठल्या तरी छत्राखाली आल्या.

तुमच्या बाबतीत पहिलं आणि तिसरं दार महत्त्वाचं. शनिवारवाडा केंद्र-संरक्षित आहे. तुमचा वाडा स्वतः संरक्षित स्मारक नाही, तो स्मारकाचा शेजारी आहे. शेजारी असण्याचे नियम वेगळे आणि यादीत असण्याचे वेगळे. दोन्ही एकाच वेळी लागू होऊ शकतात आणि एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांतल्या सात जणांनी हे दोन कागद एकमेकांत मिसळलेले असतात.

शंभर मीटर आले कुठून तेही सांगतो, कारण पेठांमध्ये याबद्दल फार दंतकथा आहेत. कर्झनच्या काळातल्या १९०४ च्या कायद्यात असं काही नव्हतं. १९५८ च्या कायद्याखाली १९५९ चे नियम झाले आणि त्या नियमांच्या आधारे १६ जून १९९२ रोजी अधिसूचना निघाली: संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. ही १६ जूनची तारीख पाठ करून ठेवा, पुढे लागणार आहे. नंतर एका सल्लागार समितीच्या शिफारशीवर प्रतिबंधित क्षेत्रातही परवानग्या दिल्या जाऊ लागल्या. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती पद्धतच बेकायदा ठरवली. झालेल्या परवानग्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला आणि त्यातून २०१० ची दुरुस्ती आली. तिने शंभर आणि दोनशे मीटर थेट कायद्याच्या कलमात, २०अ आणि २०ब मध्ये, बसवले आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण उभं केलं. आधी जे एका अधिसूचनेने सैल करता आलं असतं, ते आता संसदेनेच बदलायचं. म्हणून स्थानिक नगरसेवक, आमदार, कुणीही "मी बघतो" म्हणालं तरी त्याच्या हातात फारसं काही नसतं.

शिक्षेचाही तेव्हाच कायापालट झाला. पूर्वी स्मारकाचं नुकसान केलं तर तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड होता. आता प्रतिबंधित किंवा विनियमित क्षेत्रात विनापरवाना बांधकाम केलं तरी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. डोळेझाक करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाही वेगळं कलम आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत. अधिकारी सही करायला का घाबरतात, याचं हे एक कारण.

तेव्हा पहिलं काम: अंतर मोजून घ्या. अंदाजाने नाही, बिल्डरच्या मोबाइलवर नाही. हे अंतर रस्त्याने मोजत नाहीत, सरळ रेषेत मोजतात. एका कुटुंबाने बोळाबोळातून टेप टाकून एकशे तीस मीटर काढले होते आणि पेढे वाटायचे बाकी होते. मोजणीदाराने टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावलं, सरळ रेषेत अठ्ठ्याऐंशी भरले. उलटंही होतं. आणि सुरुवात कुठून करायची हा खरा वादाचा मुद्दा असतो. कायद्यात 'संरक्षित क्षेत्राची किंवा संरक्षित स्मारकाची हद्द' असे शब्द आहेत. ती हद्द डोळ्यांना दिसणाऱ्या भिंतीशी जुळेलच असं नाही. ती नकाशावर असते, आणि तो नकाशा पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी मागायचा असतो. सर्वेक्षण विभागाने इस्रोच्या उपग्रह नकाशांवर या हद्दी चढवल्या आहेत. प्राथमिक अंदाजाला ते ठीक, पण काठावरची केस असेल, म्हणजे नव्वद ते एकशे दहाच्या आसपास, तर संयुक्त मोजणीचा आग्रह धरा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. जागेचा काही भाग आत आणि काही बाहेर असा निकाल आला तर गणित पुन्हा बदलतं. बाहेरच्या भागापुरता विनियमित क्षेत्राचा विचार होऊ शकतो.

समजा शंभरच्या आत निघालात. आता कायद्याच्या व्याख्या बघा, सगळी गंमत तिथे आहे. 'बांधकाम' म्हणजे नवी उभारणी आणि अस्तित्वातल्या इमारतीत आडवी किंवा उभी वाढ. 'पुनर्बांधणी' म्हणजे पूर्वी जेवढी लांबी-रुंदी-उंची होती तेवढ्याच मापात पुन्हा उभारणी. 'दुरुस्ती व नूतनीकरण' म्हणजे असलेल्या इमारतीत बदल, पण बांधकामही नाही आणि पुनर्बांधणीही नाही. आणि कलम २०क म्हणतं: प्रतिबंधित क्षेत्रात १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या, किंवा त्यानंतर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेल्या इमारतीच्या मालकाला दुरुस्ती व नूतनीकरणासाठी अर्ज करता येईल. विनियमित क्षेत्रात बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती आणि नूतनीकरण या चारही गोष्टींसाठी अर्ज करता येतो.

पुन्हा वाचा. प्रतिबंधित क्षेत्रात पुनर्बांधणीला अर्जसुद्धा नाही. "आम्ही जसा होता तसाच बांधू, एक इंच वाढवणार नाही" हा युक्तिवाद मी किमान पन्नास वेळा ऐकला आहे, आणि तो अगदी प्रामाणिकपणे केलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने ती पुनर्बांधणी, आणि ती शंभरच्या आत नाही. एका पेठेतल्या अशाच एका वाड्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. वारसदार अकरा. सल्लागार घाईचा. एप्रिलमध्ये वाडा उतरवला, सागवानी तुळया आणि खांब विकून जो पैसा आला तो उतरवण्यातच गेला. आज तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि आत दुचाकी लावतात. अकरा जणांच्या वाट्याला महिन्याला जे येतं, त्यात नाश्ता होईल.

हा कायदा मला न्याय्य वाटतो का? अर्धा. शनिवारवाड्याचाच विचार करा. १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत आतला लाकडी डोलारा जळाला. १९१९ मध्ये ही जागा संरक्षित झाली तेव्हा उरलं होतं ते तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना आणि जोती. म्हणजे जळालेल्या वाड्याच्या जोत्याभोवती रेघ मारली, आणि त्या रेघेच्या आत अजून उभे असलेले, त्याच पद्धतीने बांधलेले लाकडी वाडे एकेक करून कोसळताहेत. ही विसंगती पुण्यात राहणाऱ्या कुणालाही दिसते. शंभर मीटर हा आकडा गावाबाहेरच्या लेण्याला आणि भर पेठेतल्या तटबंदीला सारखाच, हे मला कधी पटलं नाही. संसदेच्या स्थायी समितीनेही या सरसकट मर्यादेचा फेरविचार सुचवला आहे. पण रेघच नसती तर दिल्ली दरवाज्यासमोर आज बारा मजली काचेचा डबा असता, याबद्दलही माझ्या मनात शंका नाही. रेघ सरकारलाही आडवी येते बरं का. आगाखान पॅलेसजवळ पुणे मेट्रोला आपला मार्ग वळवून कल्याणीनगरातून न्यावा लागला, तो याच कायद्यामुळे.

तेव्हा दुरुस्तीकडे वळू. "आमचा वाडा दुरुस्तीपलीकडे गेला आहे" असं तुम्ही लिहिलं आहे. कुणी सांगितलं? बहुतेक वेळा सांगणारा अभियंता आरसीसीत वाढलेला असतो. त्याला भिंतीला तडा दिसला की इमारत गेली असं वाटतं, कारण त्याच्या जगात भार काँक्रीटचे स्तंभ आणि तुळया वाहतात आणि काँक्रीटला तडा म्हणजे आजार. वाड्यात भार सागाचा सांगाडा वाहतो: दगडी जोत्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. मधल्या विटा मातीत रचलेल्या, त्या पडद्यासारख्या. भिंतीला हात जाईल एवढी भेग आणि सांगाडा ठणठणीत, असे वाडे मी पाहिले आहेत. उलट, भिंत सिमेंटने गुळगुळीत केलेली आणि आत तुळईचं टोक कुजून गेलेलं, असेही.

हे टोक कसं तपासतात ते सांगतो, तुम्हीही बघू शकता. माजघराच्या कोपऱ्यात, जिथे तुळई भिंतीत शिरते, तिथला गिलावा वीतभर काढा. पेचकसाचं टोक लाकडात दाबा. चांगल्या सागात ते नखभरही जात नाही आणि हातोडीने ठोकलं तर खणखणीत वाजतं. कुजलेल्या टोकात पेचकस लोण्यासारखा जातो, बाहेर तपकिरी भुगा येतो आणि आवाज भरलेल्या पोत्यासारखा. मग भिंतीपासून एकेक वीत पुढे सरकत ठोकत जा. माझ्या अनुभवात कूज बहुधा भिंतीतल्या भागापुरती आणि बाहेर फूट-दीड फूट असते, कारण पाणी भिंतीतून येतं. कुठून येतं? वरच्या फुटक्या कौलातून, गळक्या पन्हळीतून, आणि सगळ्यात जास्त वेळा पंधरा-वीस वर्षांपूर्वी 'मजबुतीसाठी' मारलेल्या सिमेंट गिलाव्यामुळे, जो आतली ओल बाहेर पडूच देत नाही. अशा तुळईला टेकू देऊन, कुजलेलं टोक कापून, तिथे जुन्या सागाचा तुकडा कुसू-खाच करून जोडता येतो. सांधा पोलादी पट्ट्यांनी आवळायचा. पेठेत अजून असे दोन-चार सुतार आहेत, वयस्कर आहेत, आणि त्यांना लवकर गाठा. भिंतीला पुन्हा चुना. नव्या पोरांना चुना म्हणजे फक्त रंग वाटतो, पण घाणीत, म्हणजे चुना दळायच्या दगडी चक्कीत, नीट घोटलेला, चाळलेल्या विटांची सुर्खी घातलेला चुना भिंतीला श्वास घेऊ देतो.

हे सगळं कायद्याच्या भाषेत 'दुरुस्ती व नूतनीकरण' आहे. खांब बदलला, तुळईचं टोक बदललं, कौलं नवी घातली, संडास-बाथरूम नीट केलं, वायरिंग बदललं, यासाठी रीतसर परवानगी मागता येते. उंची वाढवली, चौकावर स्लॅब टाकला, मागचा पडलेला चौक पुन्हा उभारला, की तुम्ही दुसऱ्या व्याख्येत गेलात. मागच्या चौकाबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलं आहे. वाईट वाटतं, पण तो गेला. त्याची जागा अंगण म्हणून धरा.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, महाराष्ट्रासाठी ते मुंबईत बसतात, आणि आता अर्ज ऑनलाइन करता येतो. कायद्यात वेळापत्रक आहे: प्राधिकाऱ्याने पंधरा दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, त्यांनी दोन महिन्यांत शिफारस द्यायची, मग महिन्याभरात निर्णय. शिफारस अंतिम असते. नकार द्यायचा असेल तर आधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि नकार लेखी यावा लागतो. तोंडी "होत नाही" याला काही अर्थ नाही, लेखी घ्या. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, आणि त्याचं निम्मं कारण अर्जदाराच्या बाजूला असतं. नकाशे अर्धवट, मालकीचे कागद अपुरे, फोटो अंधारातले, पाचांपैकी दोघांच्या सह्या नाहीत. त्रुटीचं पत्र येतं, ते कुठल्या तरी भावाच्या जुन्या ईमेलवर पडून राहतं.

नकाशांबद्दल एक सूचना. अस्तित्वातला आराखडा, छेद आणि दर्शनी बाजू यांचं मोजमाप पूर्ण घ्या, प्रत्येक खांब दाखवा. कोणता भाग बदलणार तो वेगळ्या रंगात. 'किरकोळ दुरुस्ती' असं मोघम लिहू नका. वाचणाऱ्याला मोघम शब्दात पुनर्बांधणीचा वास येतो. तेवीस खांबांपैकी चार बदलणार, नऊ तुळयांची टोकं जोडणार, असं लिहिलं की त्याला निर्णय घेता येतो.

शंभरच्या बाहेर, तीनशेच्या आत निघालात तर चित्र खूपच सुसह्य आहे. तिथे नवं बांधकामही परवानगीने होतं. भर उंचीवर असतो, आणि इथे बिल्डर हमखास फसतात: ना-हरकतीत जी उंची लिहिलेली असते ती जिन्यावरची खोली, कठडा, पाण्याची टाकी सगळं धरून असते. मग शेवटचा मजला विकून झालेला असतो आणि टाकी कुठे ठेवायची यावर भांडण सुरू होतं. एखाद्या स्मारकासाठी वारसा उपविधी मंजूर झालेले असतील तर रंग, दर्शनी भाग, छप्पर यांचेही नियम त्यात सापडतील.

आता महापालिकेची नोटीस. ती काढून नीट वाचा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त मालकाला इमारत पाडायला सांगू शकतात, तसंच ती सुरक्षित करायला किंवा दुरुस्त करायलाही. लोक पहिलाच शब्द वाचतात आणि घाबरतात. नोटिशीला लेखी उत्तर द्या: आम्ही दुरुस्तीचा पर्याय स्वीकारत आहोत, लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याचा अहवाल जोडला आहे, तात्पुरते टेकू दिले आहेत, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे अर्ज केला आहे. उत्तर न देता नोटीस देव्हाऱ्यामागे सरकवून ठेवणं हा पेठेतला जुना रिवाज आहे. तो मोडा. एक मात्र अगदी स्पष्ट सांगतो. अहवालात एखादी बाजू खरोखर धोक्याची निघाली तर तिथली माणसं त्याच दिवशी हलवा आणि टेकू लावा, मग कागद. वाड्याखाली माणूस गेला तर कुठलाही कायदा कुणाच्या कामाचा नाही.

भाडेकरूंचा तुमचा रोख माझ्या लक्षात आला. "वाडा पडला की भाडेकरू आपोआप जातील ना?" असं तुमच्या चुलतभावांनी विचारलं आहे. नाही जात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. शिवाय १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात इमारत दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावरच आहे. तेव्हा भाडेकरूंना शत्रू न समजता दुरुस्तीच्या खर्चात सामील करून घेता येतं का बघा. माझ्या दोन कामांत त्यांनी वर्गणी दिली, कारण छप्पर त्यांच्याही डोक्यावर होतं.

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का हे वारसा कक्षात जाऊन, घरांक आणि सिटी सर्व्हे क्रमांक सांगून लेखी विचारा. असलाच तर श्रेणी विचारा. पहिल्या श्रेणीला जवळजवळ हात लावता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत दर्शनी रूप सांभाळून आत बदल करता येतात, तिसरी सर्वांत सैल. शंभर मीटरच्या आत असाल तर तिसरी श्रेणी मिळाली म्हणून केंद्राचा कायदा सैल होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

जाता जाता, युनेस्कोबद्दल हल्ली फार विचारणा होते. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून पन्हाळ्यासारख्या, किल्ल्यातच गाव वसलेल्या ठिकाणचे लोक धास्तावले आहेत. युनेस्को कुणाच्या घरावर बंदी घालत नाही. बंदी घालतो तो आपलाच कायदा. त्या बारांतले पन्हाळा, रायगड, शिवनेरी हे केंद्र-संरक्षित, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी हे राज्य-संरक्षित. म्हणजे एकाच मानाच्या यादीतल्या किल्ल्यांना पायथ्याशी दोन वेगळे कायदे. कलम २०अ चे शंभर मीटर केंद्राच्या स्मारकांसाठी आहेत. राज्य-संरक्षित स्मारकाजवळ घर असेल तर संचालनालयाकडे स्वतंत्र विचारणा करा.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण काम सुरू झालं की समोर येतीलच. पहिली, जमिनीत काही सापडलं तर. जोत्याशी खणताना तांब्याचा गडू, नाणी, काहीही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे आणि त्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं आहे. हो, दहाच रुपये. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीला बांधकामाच्या जागी मजुरांना २१६ सोन्याची नाणी सापडली, त्यांनी लपवली, आणि शेवटी पोलीस आले. मजुरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

दुसरी, तुमच्या ओसरीवरचे केळफुलाचे खांब आणि दिंडी दरवाजा. कुणीतरी जुना बाजारवाला नक्कीच येऊन भाव करून गेला असेल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीतून सुटी केलेली वस्तूही 'पुरावस्तू' ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला मनाईच आहे. तुमचा एक भाऊ न्यू जर्सीत असतो, त्याला हवेलीसारख्या दिवाणखान्यात एक खांब न्यायचा आहे असं पत्रात आहे. त्याला सांगा, फोटो मोठा करून लाव.

आता १६ जून १९९२. अर्जात सगळ्यात आधी सिद्ध करायचं ते हे की वाडा त्या तारखेआधी उभा होता आणि असाच होता. मिळकत पत्रिकेने जागा सिद्ध होते, इमारत नाही. सिटी सर्व्हेच्या चौकशी नोंदवहीची नक्कल काढा, तिच्यात बहुधा घराचं वर्णन मिळतं. घरपट्टीचा जुना आकारणी उतारा, १९९२ पूर्वीचं वीजबिल, नळजोडाची पावती, गहाणखत, वाटणीपत्र, काहीही. गेल्या खेपेला एका कुटुंबाकडे यातलं काहीच धड नव्हतं. शेवटी घरातल्या आजींनी लोखंडी ट्रंकेतून मुलीच्या लग्नाचा अल्बम काढला. १९८६ चा मांडव, मागे चौक, ओसरीचे आठही खांब आणि माडीचा कठडा. फोटोच्या मागे स्टुडिओचा तारखेसह शिक्का. तो फोटो आम्ही इतर तुटपुंज्या कागदांना जोडला आणि आजच्या फोटोशेजारी लावला. तुमच्या आत्यांचं लग्न त्याच चौकात झालं असेल तर त्यांना आजच फोन करा.